लोंबी आणि लांबी

२८ सप्टेंबर, रविवार

पतसंस्थेने जानेवारीत दिलेल्या या डायरीचं पहिलं पान आज भरलं. नाव: जीवन बाबुलाल रामटेके. राहणार: सानगडी. धंदा: डेंटिंग-पेंटिंग, साकोली नाका. रक्तगट: रत्नमालाला विचारून लिहीन. अपघात झाल्यास कोणाला कळवावे: रत्नमालालाच, पण हळू सांगावे.

डायरी उघडायला कारणही तसंच मोठं आहे. आमची रुचिता भंडाऱ्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिने काढलेलं गाडीचं चित्र नागपूरच्या प्रदर्शनासाठी निवडलं गेलं. आता त्या चित्राची खरीखुरी गाडी करून ८ नोव्हेंबरला न्यायची. आपल्या चाकांवर चालत मंडपात शिरली पाहिजे, नाहीतर बाद. बॉडी कोण करणार म्हणून विचारलं तर म्हणते, "तुम्ही, बाबा." जसं काही मला चहा ठेवायला सांगते आहे.

सत्तावीस वर्षं मी लोकांच्या गाड्या सरळ करतो. झाडाला भिडलेली, म्हशीला भिडलेली, एकदा तर सासऱ्याच्या कुंपणाला भिडलेली. माणूस रडवेला होऊन येतो, होती तशी करून मागतो, मी होती तशी करून देतो. पण जी आधी नव्हतीच अशी एकही गाडी माझ्या हातून झालेली नाही. जमेल का मला? हे घरात बोललो नाही. तिथे म्हणालो, "करून टाकू, त्यात काय!" मग मागच्या अंगणात जाऊन दोन उड्या मारल्या. आता गुडघा दुखतो आहे.

३० सप्टेंबर

कागद समजून घेतले. गाडीचा प्रकार कॉन्सेप्ट क्रॉसओव्हर. कॉन्सेप्ट म्हणजे विकायची नाही, दाखवायची. क्रॉसओव्हर म्हणजे अर्धी कार आणि अर्धी जीप. रत्नमाला पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "म्हंजे जर्सी क्रॉस गाय." मी हसलो. रुचिता म्हणाली, "बरोब्बर, आई."

आता आकार. मोठ्या कंपन्यांचे लोक म्हणे समुद्राच्या लाटा बघून, चित्ता बघून गाड्या काढतात. रुचिताने काय बघितलं? धान. लोंबी भरली की जशी खाली वाकते, तसं गाडीचं नाक वाकलेलं. मागे देठासारखी वर गेलेली रेघ. बांधीत पाण्यातून धान उभं राहतं तशी ती जमिनीपासून उंच. रंग मागे हिरवा, नाकाकडे येता येता पिवळा. आणि डाव्या दारावर एक लांब खोलगा. उभ्या धानावरून वारा गेला की बांधीत घडीभर जो दाब पडतो ना, तो. गाडीचं नावच "लोंबी".

"एकाच दारावर काहून?" मी विचारलं.

"वारा दोन्हीकडून येते का, बाबा?"

मुद्दा बिनतोड. पण दोन दारं सारखी नसली की डेंटरच्या हाताला खाज सुटते, हेही खरं. लिहून ठेवतो.

२ ऑक्टोबर

सगळे दीक्षाभूमीवर जाऊन आलो. गर्दीत रत्नमालाची चप्पल तुटली, तरी माणूस हलकं होऊन परततं. येताना पार्किंगमध्ये शे-दोनशे गाड्या उभ्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी पोचे न शोधता नुसते आकार बघत चाललो. रत्नमालाला वाटलं मला चक्कर येते आहे.

सोबत धर्मेंद्र होता. हा आमच्याच गावच्या देवाजीभाऊंचा मुलगा, रुचिताच्याच वर्गात, गाडीच्या मोटारचं काम त्याच्याकडे. तो आमच्याबरोबर का आला ते कळलं नाही, पण पाण्याच्या सगळ्या बाटल्या त्यानेच उचलल्या. गुणी मुलगा आहे.

७ ऑक्टोबर

भंगारातल्या व्हॅनचा सांगाडा आणला, त्याला ई-रिक्षाची मोटर लावली. चालते. आवाज मात्र काहीच नाही. मी दोनदा विचारलं, "चालू झाली का?" आणि दोन्ही वेळा ती माझ्या पायापर्यंत आली होती.

धर्मेंद्र म्हणाला होता मोटारचं काम दोन दिवसांचं आहे. पण तो रोजच येतो. रुचिता असली की अंधार पडेपर्यंत पान्हे पुसत बसतो, ती नसली की लवकर जातो. त्या दिवशी बहुतेक अभ्यास असावा.

१२ ऑक्टोबर

नाक झालं!

चार दिवस पत्रा ऐकत नव्हता. मी वाकवला की तो डुकराच्या थोबाडासारखा दिसे. मग काल देवाजीभाऊंच्या बांधीतून लोंबी मोडून आणली, बाकावर टाचणीने लावली आणि तिच्याकडे बघत हातोडी चालवली. मोजमाप केलं नाही. दुपारी तीनला मागे सरकून बघतो तर ते तिथे होतं. खाली वाकलेलं, भरलेलं, आणि कुठल्याही कंपनीच्या गाडीसारखं नसलेलं. मी दुकानात एकटाच मोठ्याने हसलो. शेजारच्या पंक्चरवाल्या टिकारामने डोकं आत घातलं.

"काय झालं जी?"

"नाक झालं!"

"कोनाले?"

त्याला मिठी मारली. सत्तावीस वर्षांत त्याला मी कधी मिठी मारली नव्हती. तो अजून माझ्याकडे जपून बघतो.

१४ ऑक्टोबर

देवाजीभाऊ आले. जयभीम-रामराम झाल्यावर गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, पायाने चाक दाबून पाहिलं, नाकाला हात लावला.

"हे आमच्याच धानासारखं हाये."

"तुमच्याच बांधीतलं हाये, भाऊ."

"हायब्रीड हाये का?"

मी म्हणालो, नाही, हायब्रीड गाडी म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्ही. ही निव्वळ बॅटरीवर.

देवाजीभाऊंनी मान हलवली. "मंग किती दिवसात कापनीले येते?"

मी म्हणालो, चाळीस दिवसांची जात आहे. ते म्हणाले, हलकं धान आहे मग, लवकर हाती येणारं, बरं आहे.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज देवाजीभाऊंच्या पत्नी कुंताबाई आणि मुलगी कामिनी गाडी बघायला घरी आल्या. मी म्हणालो, गाडी दुकानात आहे, साकोलीला. तरी बसल्या. दोन तास बसल्या. गाडीबद्दल एक अक्षर विचारलं नाही, रुचिताकडेच बघत होत्या. डिझाईनबद्दल काही शंका असावी. रुचिताने पोहे केले तेव्हा कामिनी स्वयंपाकघरात गेली आणि आतून हसण्याचा आवाज आला. कुंताबाई रत्नमालाला म्हणाल्या, "पोट्टी साजरी हाये तुमची. हाताले काम हाये तिच्या."

मी अभिमानाने म्हणालो, "हाताले? वेल्डिंगबी करते ते."

कुंताबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. रत्नमालाने मला पायाने ढोसलं. काय चुकलं?

२७ ऑक्टोबर

रुचिता परीक्षेसाठी भंडाऱ्याला आहे. डावं दार ती तिथेच कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मशीनवर स्वतः करते आहे. फोनवर म्हणाली, "बाबा, वारा जमून राहिला!" इतकी खूश मी तिला बारावीच्या निकालाच्या दिवशीही ऐकली नव्हती.

उजवं दार माझं झालं. गुळगुळीत.

३० ऑक्टोबर

डावं दार टेम्पोने आलं. सोबत चिठ्ठी. रुचिताने घाईत पेन्सिलने लिहिलेली: "बाबा, डावं दार पाठवते. लांबी भरलेली दिसली पाहिजे. मग प्रायमर."

खरं सांगतो, वाचून जीव भांड्यात पडला. म्हणजे पोरीलाही पटलं तर! आजकालची मुलं पुट्टी म्हणतात, पण माझे उस्ताद लांबी म्हणायचे, मीही लांबीच म्हणतो, आणि पोर बापाच्या दुकानातली भाषा विसरलेली नाही. खोलगा भरून टाका, दोन्ही दारं सारखी करा, असं म्हणते आहे. तशीही मला महिनाभर खाज होतीच.

१ नोव्हेंबर

झालं. आधी मागून पत्रा वर आणला, मग लांबीचा एक हात, सुकल्यावर दुसरा हात, मग पाणी मारून घासकाम. त्यावर प्रायमर. दारात तोंड दिसलं नाही एवढंच. माझ्या जन्मातलं सगळ्यात सफाईदार काम. टिकारामला दाखवलं. तो हात फिरवून म्हणाला, "काईच लागत नाई जी हाताले." डेंटरला यापेक्षा मोठी शाबासकी नाही.

रुचिता परवा येते. दार फडक्याने झाकून ठेवलं आहे.

३ नोव्हेंबर

लिहवत नाही. पण लिहितो.

रुचिता आणि धर्मेंद्र स्टँडवरून थेट दुकानात आले. मी म्हणालो, डोळे मीट. तिने मिटले. मी फडकं ओढलं. तिने डोळे उघडले, दारावरून हात फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग मला विचारलं, "बाबा, वारा कुठं गेला?"

मी चिठ्ठी काढून दाखवली. हे बघ, तूच लिहिलं आहेस. लांबी भरलेली दिसली पाहिजे. तिने चिठ्ठी उजेडात धरली. मग बोट ठेवलं. 'ल'च्या कान्यावर एक बारीक मात्रा होती, पेन्सिलची, पुसट. लोंबी. लोंबी भरलेली दिसली पाहिजे. खोलग्याचे काठ दाणे भरल्यासारखे फुगीर दिसू देत, एवढंच तिचं म्हणणं.

ती टायरवर बसली. धर्मेंद्रने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून लगेच काढला. मी म्हणालो, असू दे, तिला धीर दे. संध्याकाळी रत्नमालाने चिठ्ठी वाचली आणि तिला हसू आवरेना. तिचं बघून रुचिताही हसू लागली, रडत रडत. मला हसू आलं नाही. माझ्या पोरीने आठ-दहा दिवस खपून वारा पकडला होता आणि मी त्याला पोचा समजून बुजवला.

परीक्षा संपून कॉलेजला सुट्टी लागली, वर्कशॉप बंद. मशीन मिळणार नाही. पाच दिवस राहिले आहेत. रुचिता म्हणते, तसंच नेऊ. ती माझ्यासाठी म्हणते हे मला कळतं.

तसंच नेणार नाही.

५ नोव्हेंबर

दाराचा बाहेरचा पत्रा नवीन कापला. कालपासून असे चार पत्रे खराब केले. हातोडीने खोलगा करायला जातो तर दिसतो अपघात. पहिल्याकडे बघून रत्नमाला म्हणाली, "बैल शिंग मारल्यावानी." दुसरा तिने उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवला. सत्तावीस वर्षं मी पोचे काढले, आणि एक धड पाडता येत नाही. रुचिता बाजूला बसून होती. "बाबा, तुमी मोजून मोजून मारून राहिले."

"मंग कसं मारू?"

तिने हवेत हात फिरवून दाखवला, मला कळेना. तिचा खोलगा मशीनवर झाला होता, आणि तोही तेराव्या वेळी.

दुपारी देवाजीभाऊंच्या बांधीवर जाऊन बसलो. त्यांचं उशिरा येणारं भारी धान अजून उभं आहे. वारा येत होता, धान दबत होतं, उठत होतं. तास झाला. देवाजीभाऊ बांधाच्या धुऱ्यावर येऊन बसले, तंबाखू मळली.

"काय पाहून राहिले, जीवनभाऊ?"

"वारा कसा मारते थे पाहून राहिलो."

ते हसले. "वारा मारत नाई जी. मारला तं धान झोपते, मंग काई उठत नाई. वारा रेलते." आणि माझ्या खांद्यावर आपला खांदा हळूच रेलून दाखवला.

मी उठलो आणि पळतच सुटलो. बावन्नाव्या वर्षी धुऱ्यावरून पळणं सोपं नाही. एकदा पडलो. चिखलातून हसतच उठलो.

६ नोव्हेंबर

आजचा दिवस सविस्तर लिहितो, पुढे कोणी विश्वास ठेवणार नाही.

वाळूवर पत्रा ठेवून रेललं तर वाळू दगडासारखी बसते, हे काल संध्याकाळीच कळलं. मऊ पण भरीव काहीतरी पाहिजे. देवाजीभाऊंच्या अंगणात हलक्या धानाची रास पडली होती, परवाच मळलेली. कुंताबाई म्हणाल्या, "घ्या ना जी, धान काई मोडत नाई." रास पसरली, तिच्यावर पत्रा ठेवला. हाताने रेललो, तळव्याचे ठसे आले. कोपराने रेललो, खळगे आले. गुडघ्याने रेललो, ते मी इथे लिहीत नाही.

मग मी शर्ट काढला.

रत्नमाला म्हणाली, "अवो, काय करून राहिले? लोक पाहून राहिले!" खरंच, कुंपणाला निम्मं गाव लागलं होतं. मी पत्र्याच्या एका टोकाला पाठ टेकून बसलो, डोळे मिटले आणि हळूच मागे रेललो. चौऱ्याऐंशी किलो. मग घाई न करता कुशीवर वळलो, खांदा, पाठ, दुसरा खांदा, असा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला लोळत गेलो. खाली धान सरसरत होतं. कुंताबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या, कामिनी जमिनीवर बसून हसत होती, देवाजीभाऊ ओरडत होते, "रेला जी, रेला, थांबू नोका!" मलाही हसू आलं आणि हसण्याने पोट हललं तशी पत्र्यात एक बारीक लहर उमटली. ती मुद्दाम कोणालाही करता आली नसती.

उठलो. रुचिता पुढे आली, वाकली, तिने खोलग्यात आडवा हात ठेवला. कोपरापर्यंत बसला.

"बाबा," ती म्हणाली, "हा माह्या वाऱ्यापेक्षा चांगला हाये."

मी तिथेच, उघडा, धानाचं कूस पाठीला लागलेला, पोरीला जवळ घेऊन रडलो. लाज वाटली नाही. सगळं गाव बघत होतं, बघू दे. हा आकार जगात नव्हता. मी केला.

पाठ भयंकर खाजते आहे.

७ नोव्हेंबर

रंग झाला. हिरवा कुठे संपतो आणि पिवळा कुठे सुरू होतो ते मलाही सांगता येत नाही. एक थेंबही लांबी लावली नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

नागपूर. गाडी टेम्पोत, मागच्या जीपमध्ये आम्ही दोन्ही घरं. कुंताबाई आणि रत्नमाला वाटभर तारखांबद्दल कुजबुजत होत्या. मेमधली म्हणे चांगली आहे. मी मागे वळून सांगितलं की प्रदर्शन आजच आहे. सगळे हसले. देवाजीभाऊंनी माझी पाठ थोपटली. नेमकी खाजणारी.

मंडपात धर्मेंद्र चालवायला, शेजारी रुचिता. लोंबी आवाज न करता आत शिरली आणि खाली वाकलेल्या नाकाने सगळ्यांना नमस्कार केल्यासारखी जागेवर थांबली. मी एकटाच टाळ्या वाजवू लागलो. रत्नमालाने हात धरून ठेवले.

पहिला नंबर माशासारख्या दिसणाऱ्या एका गाडीला गेला. असू दे, मासाही चांगला होता. पण पुण्याहून आलेल्या एक परीक्षक बाई आमच्या डाव्या दारापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. हात फिरवला, पुन्हा फिरवला. रुचिताला विचारलं, "हे कुठल्या मशीनवर केलं?" रुचिताने माझ्याकडे बोट दाखवलं. "यांच्या पाठीवर." बाईंना आधी थट्टा वाटली. मग मला शर्ट वर करून ओरखडे दाखवावे लागले. रत्नमाला दुसरीकडे बघू लागली. बाईंनी रुचिताला सहा महिन्यांसाठी पुण्याला कामाला बोलावलं आहे. धर्मेंद्र म्हणतो, तोही पुण्यातच नोकरी शोधणार. बरं झालं, परक्या गावात ओळखीचं माणूस असलेलं चांगलं.

पाचच्या सुमाराला कामठीकडचे एक गृहस्थ बायकोला घेऊन गाड्या बघत बघत आले. लोंबीपाशी खूश झाले. डाव्या बाजूला आले आणि एकदम थबकले. इतकी देखणी गाडी आणि दाराला एवढा मोठा खड्डा. माणूस भला होता, त्यांना मनापासून वाईट वाटलं. वाकून बघितलं, हळहळले, मग माझ्याकडे वळले.

"नवीकोरी गाडी जी! कोनं ठोकली?"

आजूबाजूला वीस-पंचवीस माणसं तरी होती. मी शर्टाची कॉलर नीट केली.

"मी," म्हणालो. "अख्खी गाडी मीच ठोकली."